एकाची संमती, साऱ्या कुळाची झडती

24 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पोलिसांनी 72 वर्षांच्या एका निवृत्त माणसाला अटक केली. जोसेफ जेम्स डीअँजेलो हे त्याचे नाव. 1974 ते 1986 या काळात त्या राज्यात 13 खून आणि सुमारे 50 बलात्कार करून जो माणूस नाहीसा झाला होता, तो हाच. त्या काळातील काही वर्षे तो स्वतः पोलीस दलात नोकरीला होता, ही या प्रकरणातील आणखी एक शोकांतिका. 2020 च्या जून महिन्यात त्याने गुन्हे कबूल केले आणि ऑगस्टमध्ये त्याला आमरण कारावासाची शिक्षा झाली. चाळीस वर्षे भीतीत काढलेल्या स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून त्याला तोंडावर जाब विचारला. न्यायाला उशीर झाला, पण न्याय झाला. याचा आनंद ज्याला होणार नाही, त्याच्या माणुसकीविषयीच शंका घ्यावी लागेल.

परंतु हा माणूस सापडला कसा, याचा विचार त्या आनंदात बुडून जाता कामा नये. गुन्ह्याच्या जागी मिळालेला डीएनएचा नमुना पोलिसांपाशी अनेक वर्षे होता. सरकारी संग्रहातील गुन्हेगारांच्या नमुन्यांशी तो जुळत नव्हता. तेव्हा तपासकांनी त्याच नमुन्यावरून लक्षावधी जनुकीय खुणांचा नवा नकाशा तयार करून घेतला आणि तो जीईडीमॅच नावाच्या खासगी संग्रहात घातला. आपले पूर्वज कोण, दूरची भावंडे कोठे आहेत, हे शोधू पाहणाऱ्या हौशी लोकांसाठी 2010 मध्ये सुरू झालेला हा संग्रह. तेथे खुनी सापडला नाही. त्याचे दूरचे नातेवाईक सापडले. मग जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी, जनगणनेची कागदपत्रे, जुनी वृत्तपत्रे असे सारे धुंडाळून समान पूर्वजांपासून आजच्या पिढीपर्यंतचे वंशवृक्ष उभे करण्यात आले. वय, वास्तव्य आणि लिंग यांची चाळणी लावता लावता एक नाव उरले. त्याच्या मोटारीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यात टाकलेला कागदी रुमाल यांवरील नमुना मूळ नमुन्याशी जुळला, आणि अटक झाली.

या पद्धतीचे सामर्थ्य कशात आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा दोन माणसांत सरासरी एक टक्क्याहूनही कमी जनुकीय साम्य असते. बहुधा ती एकमेकांना ओळखतही नाहीत. पण तेवढा धागा वंशवृक्षाची एक फांदी हाती येण्यास पुरेसा ठरतो. 2018 मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 12 लाख 80 हजार लोकांच्या संग्रहाची छाननी करून संशोधकांनी दाखवले की, युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे 60 टक्के लोकांचा असा एखादा नातेवाईक त्यात सापडतो. आणि एखाद्या समाजातील अवघ्या दोन टक्के लोकांचे नमुने गोळा झाले, तर जवळजवळ प्रत्येकाचा माग काढणे शक्य होते. म्हणजे उरलेल्या 98 टक्क्यांनी काही दिले काय किंवा न दिले काय, त्यांच्या इच्छेला फारसा अर्थ उरत नाही.

या तंत्राच्या दोन्ही बाजू एकाच प्रकरणात पाहावयाच्या असतील, तर आयडाहो राज्यातील आयडाहो फॉल्स या गावाकडे वळावे. तेथे 1996 मध्ये एका तरुणीचा खून झाला. त्या खुनाबद्दल एका तरुणाकडून जबाब वदवून घेण्यात आला आणि त्याला शिक्षा झाली. घटनास्थळी मिळालेला डीएनए त्याचा नव्हता. तरीही तो वीस वर्षे तुरुंगात राहिला. 2014 मध्ये पोलिसांनी तोच नमुना एका वंशशोधाच्या संग्रहाशी ताडून पाहिला. तेथे काही अंशी जुळणारा एक वृद्ध गृहस्थ निघाला. त्याने अनेक वर्षांपूर्वी एका संशोधन प्रकल्पाला आपला नमुना सद्भावनेने दिला होता आणि पुढे तो सारा संग्रह एका व्यापारी कंपनीने विकत घेतला होता. पोलीस जाऊन थडकले ते त्याच्या मुलाच्या दारात. न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या या चित्रपट दिग्दर्शकाचा खुनाशी काहीही संबंध नव्हता. त्याचा डीएनए जुळत नाही हे सिद्ध होईपर्यंत सुमारे महिनाभर संशयाची तलवार त्याच्या डोक्यावर टांगलेली होती. दान बापाने केले. झडती मुलाची झाली.

परंतु कथा येथे संपत नाही. 2019 मध्ये अधिक प्रगत पद्धतीने तोच नमुना तपासला गेला, खरा गुन्हेगार सापडला, आणि वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या निरपराध माणसावरील ठपका न्यायालयाने पुसून टाकला. म्हणून या तंत्राला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. पोलिसी बळजबरीने घेतलेल्या कबुलीजबाबापेक्षा विज्ञानाची साक्ष केव्हाही श्रेष्ठ. प्रश्न तंत्र हवे की नको, हा नाहीच. ते कोणाच्या हाती, कोणत्या गुन्ह्यासाठी आणि कोणाच्या अनुज्ञेने वापरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला कंपन्यांचे ठरलेले उत्तर ‘संमती’ हे आहे. ग्राहकाने अटी वाचल्या, सही केली, विषय संपला. बाजारपेठेच्या तत्त्वज्ञानात हे चपखल बसते. पण वस्तुस्थितीत बसत नाही. कारखानदार आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यातील सौदा उभयतांना मान्य असतो, पण धुराचे लोट जातात शेजारच्या वस्तीवर. त्या वस्तीला कोणी विचारलेले नसते. अर्थशास्त्रात याला बाह्यपरिणाम म्हणतात, आणि जेथे तो मोठा असतो तेथे दोघांच्या करारावर विसंबून चालत नाही, समाजाला कायदा करावा लागतो, हे भांडवलशाहीच्या समर्थकांनीही मान्य केले आहे. जनुकीय माहिती तर बाह्यपरिणामांचीच बनलेली आहे. नळीत थुंकणारी व्यक्ती एक असते. माहिती उघड होते ती आईबापांची, भावंडांची, मुलांची आणि अजून जन्माला न आलेल्या नातवंडांचीही. घराचा वाटा विकायचा तर इतर भाऊबंदांना विचारावे लागते. मग साऱ्या कुळाचा सामाईक ठेवा एकाच्या सहीने कसा विकला जातो?

शिवाय ही संमती टिकते तरी किती? जीईडीमॅचचा नियम खून आणि बलात्कार यांपुरता होता. 2018 च्या अखेरीस यूटा राज्यात एका चर्चमध्ये वृद्धेवर हल्ला झाला, तेव्हा चालकांनी आपल्याच नियमाला अपवाद केला. त्यावर ओरड झाली म्हणून मे 2019 मध्ये नियम बदलला: जो स्पष्टपणे होकार देईल, त्याचाच नमुना पोलिसांना पाहता येईल. काही महिन्यांतच फ्लॉरिडातील एका न्यायाधीशाने वॉरंट काढून होकार न देणाऱ्यांचेही नमुने पोलिसांना खुले केले. डिसेंबर 2019 मध्ये हा संग्रह गुन्हेतपासाच्या क्षेत्रात धंदा करणाऱ्या एका कंपनीने विकत घेतला, आणि जुलै 2020 मध्ये संगणकीय घुसखोरीमुळे काही तास सर्वांचेच नमुने उघडे पडले. नियम, अपवाद, नवा नियम, न्यायालयाचा आदेश, मालकबदल आणि चोरी! दोन वर्षांत एवढी स्थित्यंतरे पाहिल्यावर मूळच्या सहीला काय किंमत उरली?

ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीचा इतिहासही तितकाच बोलका आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना माहिती देणार नाही, अशी ग्वाही तिने ग्राहकांना दिली होती. पण 2023 मध्ये चोरांनी सुमारे 14 हजार ग्राहकांची खाती फोडली, आणि नातेवाईक शोधून देण्याच्या सोयीचा फायदा घेऊन सुमारे 69 लाख लोकांची माहिती लंपास केली. कुलूप चौदा हजारांचे तुटले, घर 69 लाखांचे लुटले गेले. नात्याचे जाळे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट गणित कोणते असणार? पुढे मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळे काढले. तिच्यापाशी दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीखेरीज विकण्याजोगे फारसे काही नव्हते. त्याच वर्षी संस्थापिकेच्याच नेतृत्वाखालील एका संस्थेने तिचा व्यवसाय 30 कोटी 50 लाख डॉलरना घेतला. खरेदीदार दुसरा कोणी असता तर काय झाले असते, या चिंतेने अनेक राज्यांचे महाधिवक्ते न्यायालयात धावले होते. मनुष्याच्या रक्ताची ओळख दिवाळखोराच्या मालमत्तेच्या यादीत जमा होते, ही या युगाची खूण म्हणावी लागेल.

‘ज्याने काही केले नाही, त्याने भ्यावे कशाला?’ असा सवाल नेहमी केला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतील दोन घटनांनी दिले आहे. बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीने तपासासाठी दिलेला स्वतःचा नमुना सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी जपून ठेवला आणि पुढे मालमत्तेच्या एका गुन्ह्यात तिलाच त्यावरून पकडले. 2022 मध्ये हे उघड झाले, तेव्हा कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. न्यू जर्सीत नवजात बालकाच्या आरोग्यतपासणीसाठी घेतलेला रक्ताचा थेंब पोलिसांनी मिळवला, तो त्याच्या बापाला 1996 च्या एका गुन्ह्यात गुंतवण्यासाठी. उद्या एखादी पीडित स्त्री तपासणीला नकार देईल, एखादी आई बाळाची टाच टोचू देणार नाही, तर दोष कोणाचा? एका कामासाठी विश्वासाने दिलेली वस्तू दुसऱ्याच कामाला लावली की तुटतो तो केवळ एका माणसाचा विश्वास नव्हे, तर सार्वजनिक संस्थांचा पायाच.

आणखी एक युक्तिवाद डाव्या विचाराच्या मंडळींनाही मोहात पाडणारा आहे. अमेरिकेच्या सरकारी संग्रहात कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे, कारण अटकच त्यांना अधिक होते. उलट, वंशशोधाची हौस बहुतांशी सुखवस्तू गोऱ्यांची. तेव्हा आता गोरेही त्याच भिंगाखाली आले, हा एक प्रकारचा समतेचा विजय नाही काय? नाही. समता म्हणजे स्वातंत्र्याची समान वाटणी, संशयाची नव्हे. आणि भिंग सर्वांवर रोखलेले असले, तरी वकील परवडतो तो सुटतो आणि न परवडणारा अडकतो, हा वर्गीय न्याय त्याने बदलत नाही.

मग करावयाचे काय? याचे उत्तर मेरीलँड राज्याने 2021 मध्ये केलेल्या कायद्यात बऱ्याच अंशी सापडते. खून आणि बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा, आधी नेहमीच्या मार्गांनी तपास, न्यायाधीशाची पूर्वपरवानगी, पोलीस आपला संग्रह पाहू शकतात, हे ज्यांनी वापरकर्त्यांना स्पष्ट सांगितले आहे अशाच संग्रहांचा वापर, जनुकांवरून रोगांचा वेध घेण्यास बंदी, आणि काम संपल्यावर नमुने नष्ट करणे. अमेरिकेच्या न्यायखात्याने 2019 मध्ये आखलेले धोरण याच दिशेचे आहे; पण धोरण आज आहे, उद्या नाही. कायद्याची हमी वेगळी. मेरीलँडच्या कायद्यात एका गोष्टीची भर मात्र घातली पाहिजे: कंपनी विकली गेली वा बुडाली, तर जनुकीय माहिती ही विक्रीयोग्य मालमत्ता मानता कामा नये.

भारताला हा विषय परका वाटेल, पण ‘रक्तात गुन्हा असतो’ या समजुतीची सर्वांत क्रूर अंमलबजावणी याच भूमीवर झाली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून संशयित ठरवण्याची व्यवस्था उभी केली. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण हा तिचा महाराष्ट्रातील पुरावा. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची पोलिसांची सवय सुटलेली नाही. अशा देशात 2022 च्या कायद्याने जैविक नमुने घेण्याचा व्यापक अधिकार पोलिसांना दिला आहे आणि नोंदी 75 वर्षे जपण्याची तरतूद केली आहे. डीएनएच्या वापरावर नियम घालू पाहणारे विधेयक मात्र 2023 मध्ये मागे घेण्यात आले. अधिकार आला, अंकुश आला नाही. जेथे नमुने प्रामुख्याने गरिबांचे आणि विमुक्तांचे जमा होणार, तेथे नात्यावरून माग काढण्याचे तंत्र उतरले, तर एकाच्या अटकेने सारी वस्ती कायमची पोलिसांच्या दप्तरात जाईल. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमुखाने सांगितले. त्या हक्कात नात्यागोत्याचा हक्क येतो की नाही, हे संसदेने वेळीच सांगितले पाहिजे.

खुनी पकडला जावा आणि निरपराध सुटावा, ही समाजाची गरज आहे. समाजाची गरज समाजाच्या कायद्याने भागवावी, कंपनीच्या अटीपत्रकाने नव्हे. गुन्हा ज्याने केला, जबाब त्याने द्यावा. त्याच्या खापरपणजोबांच्या इतर वंशजांचा अपराध एवढाच की ते जन्माला आले, आणि कोणत्याही सुसंस्कृत दंडसंहितेत या अपराधाला कलम नाही.