दोन इंजिनांचे तास : शिक्का की शिक्षण?

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीचे नाव विमानांच्या वेळापत्रकात लागले. याच बेलोऱ्यासाठी एअर इंडियाने पायलट प्रशिक्षण संस्थेची घोषणा केली आहे. वर्षाला १८० पायलट आणि ३४ विमाने! अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी १९४३ ची, पण तिचा विस्तार वर्षानुवर्षे रेंगाळला. म्हणून अकोलेकर पोट्ट्यांचे डोळेही आता बेलोऱ्याकडेच. होस्टेलच्या कट्ट्यावर प्रश्न एकच : "काऊन बे, बीई झाल्यावर पायलट होता येते का?"

येते. बारावीला फिजिक्स-गणित आपले झालेलेच असते. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

त्या ३४ विमानांचा हिशेब पाहा. ३१ पाइपर आर्चर एका इंजिनाची आणि फक्त ३ डायमंड डीए-४२ दोन इंजिनांची. म्हणजे बहुतेक शिक्षण एका इंजिनावर आणि शेवटचे थोडे तास दोन इंजिनांवर. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक परवान्याला एकूण २०० तास लागतात आणि परवाना एका इंजिनावरही मिळू शकतो. पण एअरबस ए-३२०, बोइंग ७३७, एटीआर ही सगळी दोन इंजिनांची विमाने. त्यामुळे नोकरी मागायला गेले की मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आधी विचारतात. साधारण १५ तासांचा हा भाग. पण तासाचा दर एका इंजिनापेक्षा बराच जास्त. मग काय होते? पोरगा म्हणतो, "तेवढे तास उरकून टाकू, शिक्का मिळाला की झालं."

इथेच गफलत आहे. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज आपण इंजिनीअर तरी बाळगू नये. साधे गणित करा. १०० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि सरळ उडायला लागतात ८०. वर चढायला उरतात १२०. एक इंजिन बंद पडले की उरतात फक्त २०! ताकद निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता सहाव्या हिश्श्यावर आली. त्यात बंद पंख्याचा अडथळा वेगळाच, म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून घ्यावी लागतात. शिवाय एकाच बाजूने जोर लागल्याने विमान बंद इंजिनाकडे वळते. ते रडरने आवरायचे. वेग एका मर्यादेखाली गेला तर रडरही पुरत नाही; मग चालू इंजिनाची ताकद कमी करून नाक खाली घ्यावे लागते. जमीन जवळ असताना ताकद कमी करायची! हे पुस्तक वाचून पायात उतरत नाही, पुन्हा पुन्हा करूनच उतरते. ते १५ तास याच्यासाठी आहेत.

पायलट मंडळींत 'पार्कर पेनचे तास' असा एक शब्द आहे. म्हणजे न उडता लॉगबुकात लिहिलेले तास. २०११ साली बनावट कागदांवर परवाने मिळवलेले पायलट पकडले गेले तेव्हा हा प्रकार देशभर गाजला. आपल्यालाही सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवायची सवय आहे, पण तिथे जर्नलमागे प्रवासी बसलेले नसतात.

आता पैशाचे. परवान्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो आणि नोकरीआधीचे टाइप रेटिंग पुष्कळदा त्यावर वेगळे. आपल्याकडे एवढा पैसा म्हणजे बहुतेक घरी वावर गहाण. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी क्लास वन मेडिकल, मग लेखी पेपर, मग फी. मेडिकलमध्ये अडलात तर वावर तरी वाचते. फी एकदम भरू नका, टप्प्याने भरा. प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन विचारा : दोन इंजिनांची विमाने किती, त्यातली आज उडणारी किती, रांग केवढी? परवान्यानंतर लगेच नोकरी नसेल तर सहायक प्रशिक्षक होऊन तास वाढवणे ही खरी वाट आहे. पुढच्या एटीपीएलला १५०० तास लागतात. ते कोणी बाजारातून आणून देत नाही.

आणि बेलोऱ्याकडून एक मागणी. विमाने आपल्या डोक्यावरून उडणार, तर चालवणाऱ्यांत वऱ्हाडची पोरे-पोरीही असावीत. गरीब घरच्या हुशार मुलांसाठी काही जागांची फी शिष्यवृत्तीतून भागावी. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी धावपट्टीसाठी जो जोर लावला, तोच यासाठीही लावावा. आपल्या सरांनीही तिथल्या प्रशिक्षकांना एखाद्या व्याख्यानाला बोलवावे. आर्चर डीएक्स आणि डीए-४२ दोन्ही डिझेल-जातीच्या इंजिनांवर, जेट इंधनावर चालतात. मेकॅनिकलवाल्यांना तेवढ्यावरच दोन तास विचारता येईल.

स्वप्न जरूर पाहा. फक्त शिक्क्यासाठी तास मोजू नका, बावा. एक इंजिन बंद पडेल त्या दिवशी शिक्का नाही, शिकलेलंच कामाला येते.