अर्धा संशय

अमेरिकेंतील पुराणमतवादी लोकांविषयीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत एक मत अगदीं पक्कें होऊन बसलें आहे. हे लोक वर्तमानपत्रांवर विश्वास ठेवीत नाहींत, डॉक्टरांचें ऐकत नाहींत, लस टोचून घ्या म्हटलें तर सरकार आपल्या जिवावर उठलें असें म्हणतात. सबब ते अडाणी आहेत, आणि त्यांच्याविषयीं अधिक विचार करण्याचें कारण नाहीं! मुलगा किंवा मुलगी त्या देशांत नोकरीस असली म्हणजे तर हें मत विशेषच अधिकारवाणीनें सांगण्यांत येतें. चहाच्या बैठकींत तें ऐकून आम्हींहि पुष्कळदां मान डोलावली आहे, हें प्रथमच कबूल करितों. परंतु या मताचा हिशेब एकदां नीट मांडून पाहावा, असें अलीकडे आम्हांस वाटूं लागलें आहे. त्या लोकांनीं संशय घेतला हा त्यांचा दोष आम्हांस मुळींच वाटत नाहीं. त्यांचा दोष निराळा आहे. आणि तो आपल्या घरांतहि भरपूर आहे.

प्रथम अधिकारी मंडळींचें वर्तन पाहूं. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं अमेरिकेच्या सर्जन-जनरलनें जनतेला बजावलें कीं, मुखपट्ट्या विकत घेऊं नका. सामान्य माणसाला रोगापासून वांचविण्यास त्या उपयोगी नाहींत. आणि त्याच दमांत सांगितलें कीं, डॉक्टरांना व परिचारिकांना त्या मिळाल्या नाहींत तर सर्वांनाच धोका आहे. ओहायोंतल्या एखाद्या वाण्यानें विचारावें, "निरुपयोगी वस्तु डॉक्टरांना कशाला हवी?" तर त्यास काय उत्तर होतें? पांच आठवडेहि लोटले नाहींत तोंच, ३ एप्रिलला, सर्वांनीं कापडी मुखपट्टी बांधावी असा सल्ला निघाला. खरें कारण टंचाईचें होतें. "माल थोडा आहे, तो आधीं रुग्णालयांस जाऊं द्या," एवढें मोकळेपणानें सांगितलें असतें तर तें न समजण्याइतके लोक बुद्धिहीन होते काय? पण तसें समजण्यांत आलें, आणि लोकांनीं तें ओळखलें.

त्याच वर्षाच्या जूनमध्यें आरोग्यक्षेत्रांतील बाराशेंहून अधिक व्यक्तींनीं सही करून एक पत्र काढलें. वर्णद्वेषाविरुद्ध रस्त्यांवर निघालेले मोर्चे सार्वजनिक आरोग्यास पोषकच आहेत, असा त्यांतील अभिप्राय होता. त्या मोर्च्यांमागील दुःख खरें होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या माणसाला साथीच्या नियमांमुळें आपल्या आईच्या अंत्यविधीस जातां आलें नाहीं, ज्याचें प्रार्थनामंदिर बंद होतें, त्यानें हें पत्र वाचून काय समजावें? रोगाचे जंतु मनुष्याचा हेतु पाहून अंगांत शिरतात, असें? पुढें २०२१ च्या फेब्रुवारींत फेसबुकनें हा रोग मनुष्यनिर्मित असल्याचें म्हणणारा मजकूर काढून टाकण्याचें ठरविलें, आणि मे महिन्याच्या अखेरीस तो निर्बंध मागें घेतला. रोग प्रयोगशाळेंतून सुटला कीं प्राण्यांकडून आला, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण प्रश्न विचारण्यासच बंदी करून नंतर ती मुकाट्यानें उठवावी, हा प्रकार कोणत्या शास्त्रांत बसतो?

लसीच्या बाबतींत तर खऱ्या गोष्टीनेंच काम भागलें असतें. पण २१ जुलै २०२१ रोजीं खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीं जाहीर सभेंत सांगून टाकलें कीं, लस घेतली म्हणजे हा रोग होणार नाहीं. त्याच महिन्यांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकांठच्या गांवीं साथ उसळली. ४६९ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोकांची लस पुरी झालेली होती. आतां यांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या ४६९ जणांत रुग्णालयांत ठेवावे लागले ते अवघे पांच, आणि मृत्यु एकहि नाहीं. म्हणजे लसीनें आपलें काम चोख केलें होतें! "लस रोग टाळीलच असें नाहीं, पण बहुधा प्राण वांचवील," हें वाक्य पुरेसें होतें. त्याला भरजरी अंगरखा चढविण्याचा मोह झाला, आणि अंगरखा फाटतांच लोकांनीं आंतल्या माणसालाहि सोंगाड्या ठरविलें.

नंतर आली सक्ति. शंभर व त्याहून अधिक नोकर असलेल्या प्रत्येक कारखान्यानें व पेढीनें नोकरांना लस टोचवावी किंवा त्यांची दर आठवड्यास तपासणी करावी, असा नियम सरकारनें केला. तो आठ कोटींहून अधिक लोकांना लागू होणार होता. १३ जानेवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. कामगार-सुरक्षेच्या खात्याला एवढा अधिकार कायद्यानें दिलेला नाहीं, हें त्याचें कारण. रुग्णालयांतील नोकरांवरील सक्ति मात्र त्याच दिवशीं न्यायालयानें चालूं दिली. १९०५ सालीं त्याच न्यायालयानें देवीच्या लसीची सक्ति कायदेशीर ठरविली होती, असा दाखला या वादांत वारंवार देण्यांत येतो. तो दाखला खरा आहे. पण त्या प्रकरणांतील पाद्रीसाहेबांस लस नाकारल्याबद्दल दंड झाला होता पांच डॉलर! पांच डॉलरांचा दंड आणि पोटाची भाकरी यांतील अंतर दाखला देणाऱ्यांच्या लक्षांत येऊं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

अशा स्थितींत वर्तमानपत्रांनीं सरकारला आडवे प्रश्न विचारावयाचे असतात. पुष्कळांनीं ते विचारणाऱ्यांची टवाळी करण्यांत धन्यता मानिली. गॅलप या संस्थेच्या पाहणीप्रमाणें १९७६ सालीं शेंकडा ७२ अमेरिकनांचा वृत्तसंस्थांवर बराच विश्वास होता. २०२० मध्यें रिपब्लिकन पक्षाच्या लोकांत तो शेंकडा १० वर आला होता. हा नुसता लोकांच्या अडाणीपणाचा परिणाम म्हणावा, तर हे लोक १९७६ सालीं कोठें होते?

येथवर आम्ही त्या मंडळींचे वकील झालों. आतां वकीलपत्र खालीं ठेवितों.

आयव्हरमेक्टिनची कथा घ्या. कृमींवरचें हें मोठें गुणकारी औषध आहे. आफ्रिकेंत नदीकांठच्या लोकांना आंधळें करणाऱ्या रोगावर त्याचा असा उपयोग झाला कीं, तें शोधणाऱ्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें जनावरांनाहि देतात. २०२१ मध्यें कांहीं अमेरिकन लोक करोनावर उपाय म्हणून गुरांसाठीं केलेलें हें औषध घेऊं लागले, तेव्हां सरकारी औषधखात्यानें "तुम्ही कांहीं घोडे नव्हेत" अशी कोपरखळी मारली, आणि वर्तमानपत्रांनीं तें सरसकट 'घोड्याचें औषध' करून टाकलें. हें अर्थातच खोटें होतें, आणि पुराणमतवादी मंडळींनीं तें तत्काळ पकडलें. शाबास! पण पुढें? पत्रें खोटें बोलतात, म्हणून हें औषध करोनावर चालतें! पहिलें वाक्य खरें आहे. दुसरें त्यांतून कोणत्या न्यायानें निघतें, तें गौतमासहि सांगतां येणार नाहीं.

या औषधाची भलामण करणारा एक गाजलेला लेख इजिप्तमधून आला होता. त्यांतील आंकडे लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानें बारकाईनें तपासले, तों तेच ते रुग्ण पुनःपुनः मोजलेले दिसले. २०२१ च्या जुलैंत तो लेख मागें घ्यावा लागला. पुढें ब्राझीलमध्यें १,३५८ रुग्णांवर रीतसर परीक्षा झाली. औषधाचा कांहीं उपयोग दिसला नाहीं. आम्ही विचारतों, संशयवादी कोण? तो विद्यार्थी, कीं सरकारी आंकड्यावर डोळे वटारून इजिप्तच्या आंकड्यावर डोळे मिटणारी ही मंडळी? सरकारचें प्रत्येक वाक्य कसोटीवर घासावयाचें आणि आपल्या गोटांतलें वाक्य तसेंच गांठीस बांधावयाचें, याला आम्ही अर्धा संशय म्हणतों. निर्भेळ भोळेपणा त्यापेक्षां परवडला. भोळ्या माणसाला आपण फार चिकित्सक आहों असा भ्रम तरी नसतो.

आणि आतां ज्यांना हंसूं येत असेल त्यांनीं गोव्याकडे वळून पाहावें. १० मे २०२१ रोजीं गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं, अठरा वर्षांवरील प्रत्येकास, रोग असो वा नसो, हेंच आयव्हरमेक्टिन देण्यांत येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनीं लागलीच त्याविरुद्ध इशारा दिला. म्हणजे अमेरिकेंत जी गोळी सरकारच्या विरोधाची खूण होती, तीच आपल्याकडे सरकारी प्रसाद झाली होती! किती सुशिक्षित घरांनीं त्या वेळीं पुरावा मागितला? कित्येकांच्या औषधाच्या डब्यांत ती गोळी आधींच येऊन पडली होती. आमच्याहि पडली होती. इतकेंच नव्हे, तर अमेरिकेंतील हे संशयवादी उत्तर प्रदेशाचा दाखला देऊं लागले कीं, पाहा, या गोळीनें तेथील साथ आटोपली! त्याच प्रांतांत त्या मे महिन्यांत गंगेंतून प्रेतें वाहत होतीं, याची त्यांस दादहि नव्हती.

अर्ध्या संशयाची किंमत प्राणांनीं मोजली गेली. फ्लॉरिडा व ओहायो या दोन संस्थानांतील मृत्यूंचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. सर्व प्रौढांस लस मिळूं लागल्यावर रिपब्लिकन मतदारांतील अतिरिक्त मृत्यूंचें प्रमाण डेमोक्रॅटिक मतदारांहून शेंकडा ४३ नें अधिक आढळलें. नॅशव्हिलचे रेडिओवरील लोकप्रिय वक्ते फिल व्हॅलेंटाइन लसीची थट्टा करीत. २१ ऑगस्ट २०२१ रोजीं ते करोनानेंच वारले. लसीचा पुरस्कार आपण अधिक जोरानें केला नाहीं याची त्यांस खंत वाटते, असें त्यांच्या आजारांत कुटुंबीयांनीं श्रोत्यांस कळविलें होतें. या मृत्यूवर त्या वेळीं कांहीं सुशिक्षित लोक हंसले. त्यांच्याविषयीं लिहिण्यास आमच्यापाशीं शब्द नाहींत.

जुलमी उपायांविरुद्ध बोलणें आणि रोगच नाकारणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें महाराष्ट्राला तरी शिकविण्याची गरज नसावी. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या तपासणीच्या नांवाखालीं गोरे शिपाई घराघरांत शिरले, तेव्हां 'केसरी'नें त्या पद्धतीवर जळजळीत टीका केली. पण टिळकांनीं प्लेग खोटा आहे असें म्हटलें नाहीं. शहर सोडून ते गेले नाहींत. हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय काढण्यास ते स्वतः झटले. सरकारावर पुरा संशय, आणि रोगाच्या बाबतींत पुरती सावधगिरी!

आज अमेरिकेंत पारडें फिरलें आहे. टाळेबंदीस विरोध केल्याबद्दल २०२० मध्यें ज्यांची 'कडेलोटाचे शास्त्रज्ञ' अशा भाषेंत संभावना झाली, ते कलकत्त्यास जन्मलेले डॉ. जय भट्टाचार्य २०२५ सालीं राष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. लसींवर वर्षानुवर्षें शंका घेणारे रॉबर्ट केनेडी आरोग्यमंत्री झाले, आणि जून २०२५ मध्यें त्यांनीं लसींविषयीं सल्ला देणाऱ्या समितीच्या सतराहि सभासदांस एकदम काढून टाकलें. कारण दिलें हितसंबंधांचें. सतराहि जणांचे? कोणते? त्याच वर्षीं टेक्सासमध्यें गोवरानें दोन मुलें दगावलीं. दोघांनाहि लस टोचलेली नव्हती. त्या पक्षाचेच सेनेटर व व्यवसायानें डॉक्टर असलेले बिल कॅसिडी यांनीं समितीविषयीं उघड चिंता बोलून दाखविली. एरवीं प्रत्येक सरकारी कागदाचा पुरावा मागणाऱ्या त्या मंडळींच्या संभाषणांत हा प्रश्न अजून आमच्या कानीं फारसा आलेला नाहीं. आम्ही वाट पाहात आहों.