त्याचा पेला वेगळा का?



आमच्या दिंद्रुडच्या बाजूस ज्यांना ऊसतोडीचा कोयता नको असतो, ती पोरे मुंबई-पुण्याची वाट धरतात. कोणी हमाली करतो, कोणी हॉटेलात बशा विसळतो. काही थोडे मात्र रात्री मालिशवाले म्हणून उभे राहतात आणि अखेर पुरुष गिऱ्हाइकास देह विकतात. घरी पैसे येत असतात तोवर कोणी काही विचारीत नाही. पोर खंगून परत आले की मात्र सारा गाव विचारतो.

एच.आय.व्ही.चा विषाणू या मौनावरच पोसला जातो. 2021 च्या सरकारी पाहणीत देशातील प्रौढांपैकी हजारांत सुमारे दोघांना हा संसर्ग होता. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत मात्र शंभरांत तिघांहून अधिकांना होता. हा काही कर्मविपाक नव्हे. निरोधावाचून झालेल्या गुदसंबंधात धोका अधिक असतो. निरोध नको म्हणणारे गिऱ्हाईक जादा पैसे देऊ करते आणि उपाशी पोरास नकार देववत नाही. शिवाय 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत प्रौढांचा संमतीने झालेला असा संबंधही कलम 377 खाली गुन्हा होता; तेव्हा डॉक्टरासमोर खरे बोलणार कोण? आणि आपण काय करतो? त्यास गावी आणून त्याचे लग्न लावतो, की काहीच ठाऊक नसलेल्या एका मुलीसही तोच धोका!

कोणी म्हणेल, पंचशील घेतलेल्यांनी अशांची बाजू का घ्यावी? बाबासाहेबांनी 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील भगिनींस तो धंदा सोडण्यास बजावले नव्हते काय? होय, बजावले होते, आणि मीही या धंद्याचे समर्थन करीत नाही. परंतु ते त्यांच्यासमोर उभे राहून बोलले, त्यांच्या पाठीमागे नव्हे. आणि त्याच बाबासाहेबांनी 1934 साली रघुनाथराव कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे छापली, हा कर्व्यांचा गुन्हा! खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. परंतु असे प्रश्न उघड विचारले पाहिजेत, ही बाजू बाबासाहेबांनी लाज न बाळगता मांडली.

आता घरातील गोष्ट. आजारी पोर परत आले की त्याचा पेला वेगळा होतो, ताट वेगळे होते, अंथरूण पडवीत जाते. हे कोण करते? ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई, ज्यांनी 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यांची नातवंडे! पेल्याने, ताटाने, अंथरुणाने, डासाने वा खोकल्याने हा विषाणू पसरत नाही. मग ही विटाळाची रीत आपण कोणत्या धर्मातून उसनी आणली? आपल्या विनयपिटकातील महावग्गात हगवणीने घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. सोबती त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले आणि आनंदाने त्यास धुतले. तो आजारी कशाने पडला, याचा न्यायनिवाडा त्यांनी केला नाही.

आज तर औषध आहे. 2004 पासून सरकार ते मोफत देते. गोळ्या रोज, न चुकता घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्यास लागत नाही. संमतीवाचून तपासणी करणे, या कारणाने नोकरीवरून काढणे वा उपचार नाकारणे यांस 2017 च्या कायद्याने मनाई आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला.

तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात वा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. 1097 या क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला मिळतो. पोरगा तपासणीस जाईल तेव्हा घरातील एकाने त्याच्यासोबत जावे. बापाने गेले तर उत्तम.