माळाचे ऋतू, लोकरीचे रंग

बारामती-इंदापूरचा परिसर दुरून पाहणाऱ्यास एकरंगी भासतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश. कालव्याखालचे उसाचे मळे वगळले, तर मुरमाड टेकड्या, खुरटे गवत, बाभळी आणि हिवर. परंतु येथे आयुष्य काढलेल्या वृद्धांना याच माळाचे बदलते रंग पाठ असतात. घरातील ज्येष्ठांच्या हाती पुन्हा लोकर द्यावयाची असेल, तर आरंभ या रंगांपासून करावा.

पाच पट्ट्यांचा एक साधा मफलर योजावा. पहिला पट्टा पावसाळ्याचा, पोपटी. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, १९९७ साली राखलेल्या त्या पाचेक चौरस किलोमीटरच्या चिंकाऱ्यांच्या रानात, पावसानंतर असे गवत उगवते. दुसरा पट्टा नवरात्रात घटाच्या माळेत ओवल्या जाणाऱ्या तरवडाच्या फुलांचा, पिवळा. तिसरा दिवाळीनंतर वाळत जाणाऱ्या गवताचा, तांबूस सोनेरी. चौथा हिवाळ्याचा, फिकट गुलाबी. त्या दिवसांत भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. पाचवा उन्हाळ्याचा, करडा. जलाशय फार आटला की पळसदेवच्या जुन्या मंदिराचा पाषाण उघडा पडतो, त्या रंगाचा.

ज्यांचे घर त्या पाण्याखाली गेले, त्यांच्या दृष्टीने हा शेवटचा पट्टा निव्वळ रंग नव्हे. ते तो निवडतील, अथवा बाजूस सारतील. सांगावेसे वाटले तर ऐकावे. कारण मात्र विचारू नये. मफलर चार पट्ट्यांचाही होतो.

लोकर मऊ घ्यावी. आषाढी वारीत काटेवाडीस तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, हे आपण जाणताच. या भागातील मेंढ्यांची लोकर घोंगडीस उत्तम. वृद्धांच्या नाजूक मानेस मात्र ती टोचते. सुया लाकडी वा बांबूच्या, सहा क्रमांकाच्या, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. क्रमांक लहान तितकी सुई जाड, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. मध्यम जाडीच्या लोकरीचे ३२ टाके घालून प्रत्येक ओळ सुलट विणावी. उलट टाक्याचा हिशेब नसल्याने स्मरणशक्ती मंदावलेल्यांनाही हे विणकाम झेपते. एकेक पट्टा वीतभर झाला की मफलर सुमारे ११० सेंटिमीटर भरतो.

बसण्याची जागा खिडकीपाशी असावी. कोपरांना आधार आणि पाठीस टेका हवा. पंधरा-वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मुठी अलगद उघडाव्या-मिटाव्या, मान सैल करावी. लोकरीचा गुंडा टोपलीत असावा. जमिनीवर पसरलेला धागा पायात अडकून वृद्ध व्यक्ती पडू शकते, आणि या वयात पडणे महागात पडते. बोटांना बधिरता आली, सांधे सुजून लाल झाले किंवा दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर विणकाम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असल्यास सुयांची टोके बोथट निवडावीत. तयार मफलर झोपताना गळ्यातून आठवणीने काढावा.

आता काळजीवाहकांसाठी दोन शब्द. आई वा आजोबा झोपल्यावर त्यांचे वाकडे विणकाम उसवून नीट करून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु सकाळी सुईवर आपल्या हातचे काम उरले नाही, हे त्यांच्या बोटांना कळते. मग सुया पुन्हा उचलल्या जात नाहीत. गळलेला टाका खाली उसवत चालला असेल तर तेवढाच, त्यांना विचारून, त्यांच्यादेखत उचलून द्यावा. एखादी ओळ तिरपी गेली, पट्टा कमी-अधिक झाला, तर तसाच राहू द्यावा. आपल्याकडील पावसाळा तरी कोठे दरवर्षी सारख्या लांबीचा असतो?

रंगही त्यांनाच निवडू द्यावेत. औषधाची वेळ, जेवणातले मीठ, झोपण्याची खोली, सारेच दुसरे ठरवू लागतात, त्या वयात पुढचा रंग कोणता हे ठरविण्याचा अधिकार लहान नव्हे. त्यांनी श्रावणाला तांबडा रंग दिला, तर तो तांबडाच विणावा. कदाचित त्या वर्षी पाऊस आलाच नसेल.