वादळाची वाट पाहणारे

शीत कटिबंधातील देशांत नोव्हेंबर उजाडला की हवामानाची आवड असलेल्या मंडळींचे डोळे आकाशाकडे लागतात. यंदाचे पहिले हिमवादळ वेळेआधीच येईल काय, हा त्यांच्या बोलण्याचा एकच विषय होऊन बसतो. चेन्नईत बर्फ पडत नाही. परंतु तेथील हौशी निरीक्षकांची उत्कंठाही याच दिवसांत शिगेला पोचते. ते वाट पाहतात ती बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या चक्री वादळाची.

या उत्कंठेस सबळ कारण आहे. महाराष्ट्रात पावसाळा संपतो त्या सुमारास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १४० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. त्याचा बराच भाग समुद्रावरील न्यूनदाब क्षेत्रे व चक्री वादळे यांच्या येण्या-न येण्यावर अवलंबून असतो. २०१८ च्या अखेरीस हा पाऊस कमी झाला आणि जून २०१९ मध्ये शहराला पाणी पुरविणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले. उलट १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटरांची नोंद केली व शहर पाण्याखाली गेले. ज्या पावसावाचून नगर तहानेलेले राहते, तोच त्याला बुडवितो.

या नगराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. केरळातील त्याच नावाचे प्रसिद्ध पर्यटनस्थळ निराळे. गावाच्या उत्तरेस मुट्टुकाडूची खाडी समुद्रास मिळते आणि पळ्ळिकरणै येथील दलदलीतून वाहणारे पुराचे पाणी बकिंगहॅम कालव्याने तिच्याकडेच येते. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री ‘मंदोस’ हे चक्री वादळ कोवलमच्या दक्षिणेस, महाबलीपुरमनजीक किनाऱ्यावर चढले. अशा वादळाची चाहूल लागते तेव्हा हौशी निरीक्षक व कोवलमचा मच्छीमार हे दोघेही एकाच समुद्राकडे पाहत असतात. मात्र एकाच्या मनात ते यावे अशी इच्छा असते, तर दुसऱ्याच्या मनात ते टळावे अशी.

हौशी निरीक्षकाची ही इच्छा निंद्य मानण्याचे कारण नाही. निसर्गाच्या प्रचंड शक्तींविषयी कुतूहल नसते तर हवामानशास्त्राचा जन्मच झाला नसता. मद्रासची वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. परंतु आजही अनेक ठिकाणी पाऊस मोजणारा मनुष्य हौसेनेच मोजतो. दोष इच्छेत नाही. ती अंदाजात नकळत मिसळते, हा दोष आहे. ज्याला वादळ हवे असते त्याला नकाशावर वादळच दिसू लागते.

वस्तुतः वादळाचा अंदाज ही भविष्यवाणी नसते, ते शक्यतेचे गणित असते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या गणकयंत्रात ०.५०६१२७ या संख्येऐवजी ०.५०६ ही संख्या घातली. एवढ्याशा फरकाने पुढे निघालेले हवामान पूर्णपणे वेगळे झाले. वातावरणाची आजची स्थिती कोणालाही पूर्ण अचूक मोजता येत नाही, म्हणून आता आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेक वेळा केले जाते. पन्नास उत्तरांपैकी पस्तीस उत्तरांत वादळ किनाऱ्यावर आले, तर ते येण्याची शक्यता ढोबळमानाने सत्तर टक्के समजावी. एक दिवस आधी वर्तविलेल्या वादळकेंद्राच्या स्थानातही पन्नास ते शंभर किलोमीटरांची चूक सहज संभवते. कोवलम व चेन्नई यांतील अंतर त्याहून कमी आहे, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

ऑक्टोबर २०२४ मधील प्रसंग या दृष्टीने उद्बोधक ठरतो. त्या महिन्याच्या १५ तारखेस चेन्नईत मोठा पाऊस झाला व १६ तारखेकरिता अतिवृष्टीचा लाल इशारा देण्यात आला. पुराच्या धास्तीने वेळचेरी भागातील लोकांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. परंतु पावसाचा जोर उत्तरेकडे सरकला आणि १६ तारखेस शहरात फारसा पाऊस झाला नाही. न्यूयॉर्कमध्येही जानेवारी २०१५ मध्ये दोन ते तीन फूट हिमवृष्टीचा इशारा देऊन भुयारी रेल्वे बंद ठेवण्यात आली; शहराच्या मध्यवर्ती उद्यानात प्रत्यक्षात १० इंचांहून कमी बर्फ पडले. वादळ केवळ थोडे पूर्वेकडून गेले होते. अशा वेळी लोक हसतात आणि पुढचा इशारा कानाआड करतात. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळ किनाऱ्यावर आले ते आंध्र प्रदेशात बापटलाजवळ; पण वाटेत ते चेन्नईनजीकच्या समुद्रावर रेंगाळले आणि त्याच्या पावसाने शहर बुडाले.

न फळलेल्या इशाऱ्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. नगरवासीयाची मोटार एक रात्र पुलावर राहते, एवढेच. कोवलमच्या मच्छीमाराची होडी मात्र वाळूवर ओढून ठेवलेली असते आणि त्या दिवसाची त्याची मिळकत बुडते. म्हणून त्याने इशारे झुगारावेत काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेजवळील न्यूनदाब क्षेत्राचे एका दिवसात ‘ओखी’ वादळ झाले. कन्याकुमारी व केरळच्या किनाऱ्यांवरून अनेक होड्या त्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या. दोनशेंहून अधिक मच्छीमार मृत अथवा बेपत्ता झाले. बुडालेली मिळकत पुन्हा मिळविता येते, बुडालेला मनुष्य परत येत नाही. म्हणून वादळाची शक्यता तीस टक्के असली तरी होडी वाळूवरच राहिली पाहिजे. परंतु ज्याला सावधगिरीची किंमत मोजावी लागते, त्याला ती शक्यता किती आहे हे सांगितले जाणे हा त्याचा हक्क आहे. ‘येणारच’ हा शब्द त्याची फसवणूक करतो. ‘दहांपैकी तीन वेळा’ हे शब्द त्याला विचार करू देतात.

येथेच हौशी निरीक्षकाची खरी उपयुक्तता आहे. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये अंदाजाची पारख करण्याची एक सोपी रीत मांडली. वर्तविलेली शक्यता व प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांतील फरकाचा वर्ग करावयाचा. सत्तर टक्के म्हटले व पाऊस पडला तर दंड ०.०९, न पडला तर ०.४९. शंभर टक्के म्हणून पाऊस न पडला तर दंड पूर्ण १. वर्षभराची सरासरी काढली म्हणजे कोण जाणता आणि कोण केवळ मोठ्याने बोलणारा, हे आपोआप कळते. आपल्या इच्छेचा अंमल अंदाजावर किती चालतो, हेही ज्याचे त्याला कळते.

ही शिस्त शाळांतूनच लागली पाहिजे. सरळ बाजूंचे एक पात्र, एक मोजपट्टी व एक वही एवढ्यावर काम भागते. आदल्या संध्याकाळी विद्यार्थ्याने पावसाची शक्यता टक्क्यांत लिहावी, सकाळी साडेआठ वाजता पात्रातील पाणी मोजावे आणि खोडाखोड न करता दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. इशारा देण्याचे काम मात्र हवामान खात्याचे आहे, ते हौशी मनुष्याने आपल्याकडे घेऊ नये. या वहीतून घडलेला नागरिक वादळाची वाट उत्सुकतेने पाहील; पण ते न आल्यास इशारा देणाऱ्यास हसणार नाही, आणि त्या दिवशी कोवलमच्या वाळूवर होडी का ओढून ठेवली होती, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.