किल्ली चिपमध्ये, गळती तारेत

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. उष्णता आणि आर्द्रता बिघडली की परागीकरण फसते, म्हणून त्यांची नोंद मोबाइलवर पाठवणारी यंत्रे इथे कामाची आहेत. अशा यंत्राबाबत शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, बॅटरी किती टिकेल? दुसरा सहसा विचारला जात नाही. आलेला आकडा याच यंत्राचा कशावरून?

यंत्र उघड्या शेतात असते. आकडा त्याचाच आहे हे सिद्ध करणारी गुप्त किल्ली साध्या मेमरीत ठेवली, तर यंत्र उचलून नेणारा ती वाचू शकतो. सर्व यंत्रांत एकच किल्ली असेल तर सगळीच उघडी पडतात. 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तसाच धोका शेतातही आहे, कारण सौर पंपाच्या कंट्रोलरलाही आता दूरदेखरेख जोडलेली असते.

उपाय म्हणजे किल्ली बाहेर न सोडता आकड्यावर आतच डिजिटल सही करणारी वेगळी सुरक्षा चिप. ‘बॅटरी खाते’ म्हणून ती वगळली जाते. हा आक्षेप हिशेबात टिकत नाही.

2400 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पाच वर्षे पुरवायची, तर सरासरी खर्च 55 मायक्रोअँपिअरच्या आत हवा. मायक्रोचिप कंपनीची एटीईसीसी608 ही चिप झोपेत साधारण 30 नॅनोअँपिअर घेते, म्हणजे त्या मर्यादेच्या हजारावा भागही नाही.

गळती होते ती जोडणीत. ही चिप आयस्क्वेअरसी या दोन तारांच्या पद्धतीने बोलते. 1980च्या दशकात फिलिप्सने आणलेल्या या पद्धतीत प्रत्येक तार रोधकाने पुरवठ्याच्या दाबाकडे वर ओढून धरलेली असते. रोधक 4.7 किलोओहमचा, दाब 3.3 व्होल्टचा आणि सॉफ्टवेअरच्या चुकीने एक तार खालीच अडकली, तर 0.7 मिलिअँपिअर सतत वाहतो. पाच वर्षांची बॅटरी पाच महिन्यांच्या आत संपते! बदनाम मात्र चिप होते.

नीट आखलेल्या जोडणीत तार 60 मायक्रोसेकंद खाली ओढली की चिप जागी होते. दीड मिलिसेकंद थांबायचे, सही घ्यायची आणि लगेच झोपेची आज्ञा द्यायची. यंत्र झोपताना दोन्ही तारा मोकळ्या सोडल्या आहेत, याची खात्री सॉफ्टवेअरने करायची. यात महागडे काही नाही, शिस्त हवी.

महाराष्ट्रात या दिशेने मूलभूत कामही झाले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने एकदाच लिहिता येणारी, म्हणून किल्लीसारखी न बदलणारी माहिती साठवायला योग्य मेमरी घडवली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने ती आपल्या 180 नॅनोमीटर निर्मितीसाठी स्वीकारली. वाढीव दाब लागत नसल्याने ती कमी विजेत चालते.

कृषी विभागाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी यंत्रे घेताना निविदेत दोन अटी घालाव्यात. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी आणि सुरक्षा चिपमध्येच असावी. झोपेतला वीजखर्च एकट्या चिपचा नव्हे, तर जोडणीसह पूर्ण बोर्डाचा मोजून लेखी द्यावा. हे देऊ न शकणाऱ्या विक्रेत्याचे यंत्र शेतात लावू नये.