दोन दालने, एक स्त्री

देवासच्या जुन्या मंडळींना थोरली पाती आणि धाकटी पाती समजावून सांगावी लागत नाही. एकाच गावात पवारांची दोन संस्थाने, दोन दरबार. आपल्या रुग्णालयांतून असाच कारभार मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: एका दालनात एचआयव्हीची औषधे, दुसऱ्यात कुटुंबनियोजन, आणि मधल्या व्हरांड्यात कागद सांभाळीत बसलेली बाई.

धार जिल्ह्यातील एक रुग्णा आठवते. 2014 च्या सुमारास तिला क्षयही जडला. ती गावच्या उपकेंद्रातून माला-एन घेई. आपला एचआयव्ही तिने तेथे सांगितला नव्हता; आणि क्षयाची औषधे सुरू करताना, पाळणा लांबविण्यासाठी काय घेता, असे आम्ही कोणी विचारले नव्हते. त्या 'आम्हां'त मीही होतो. रिफाम्पिसिनमुळे यकृतात संप्रेरकांचे विघटन झपाट्याने होते, हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान. तिसऱ्या महिन्यात ती आली. "एकही गोळी चुकवली नव्हती," एवढेच म्हणाली.

एफाविरेन्झचाही त्वचेखालील इम्प्लांटवर असाच परिणाम होतो. आता त्याची जागा बहुतांशी डोल्युटेग्राव्हिरने घेतली आहे, आणि त्याची गर्भनिरोधक संप्रेरकांशी विशेष आंतरक्रिया नाही. 2017 पासून सरकारी सेवेत आलेले 'अंतरा' इंजेक्शन या औषधांसोबत चालते. उपचारावर प्रकृती स्थिर असेल तर तांबीही निर्धास्त बसवावी. साधनांचा दुष्काळ नाही. तरी आपल्या तोंडी दोनच वाक्ये, "निरोध वापरा" आणि "मुले झाली असतील तर नसबंदी करून घ्या". निरोध हवाच, पण तो नवऱ्याच्या मर्जीवर चालतो, हे संसार पाहिलेल्या वैद्यांना मी काय सांगावे! नसबंदीविषयी तर 2017 चा एचआयव्ही कायदा स्पष्ट आहे: बाधित गर्भवतीची नसबंदी वा गर्भपात तिच्या सुजाण संमतीवाचून करता येत नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. शंभर वर्षे लोटली तरी निवड बाईची, हे आपल्याला कायद्याने सांगावे लागते, याची मला लाज वाटते.

हल्ली प्रत्येकीच्या कागदावर मी हाताने तीन गोष्टी लिहितो: शेवटची पाळी, चालू साधन, मूल हवे की नको. परवा एकीला निरोधाची पाकिटे द्यायला मी हात पुढे केला होता. तिसऱ्या प्रश्नावर ती थबकली. मग म्हणाली, "विचारलंत म्हणून सांगते डॉक्टरसाहेब, मला मूल हवंय."